यश, अपेश आणि नापास

परकी भाषा शिकणाऱ्या माणसास तिच्यांतील वस्तूंचीं नांवें प्रथम येतात, व्यवहाराचीं वाक्यें मागाहून येतात, आणि संकटाचे व अपयशाचे शब्द सर्वांत शेवटीं येतात. याचें कारण उघड आहे. घोडा, खुर्ची, दिवा हे पदार्थ डोळ्यांना दिसतात, व त्यांचें परक्या भाषेंतलें नांव पाठ केलें म्हणजे काम भागतें. परंतु काम अडणें, काम फसणें, काम अर्ध्यावर राहणें आणि काम जाणूनबुजून सोडून देणें, यांतील भेद डोळ्यांना दिसत नाहींत. ते त्या त्या समाजानें आपल्या अनुभवावरून पाडलेले असतात. म्हणून इंग्रजींतील या वर्गाचे शब्द आमच्या लोकांनीं कसे मिळविले, आणि ते मिळवितांना त्यांच्याबरोबर कोणत्या कल्पना घरांत आल्या, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तो केवळ कोशांचा इतिहास नाहीं; मुलांनीं घरीं येऊन बापापुढें मान खालीं घालून उभें राहण्याचाही तो इतिहास आहे.

इंग्रजी आमलाच्या पूर्वीं मराठींत या अर्थाचा मुख्य शब्द अपयश हा होता; बोलण्यांत त्याचेंच अपेश झालें. यश या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ कीर्ति, आणि अपयश म्हणजे अपकीर्ति. यशापयशाचा प्रश्न अशा रीतीनें पहिल्यापासून चार लोकांच्या तोंडाशीं बांधलेला होता. लढाई हरली म्हणजे सरदाराच्या कपाळीं अपेश आलें, आणि ज्याच्या हातीं घेतलेलें कोणतेंच काम तडीस जाईना तो अपेशी ठरला. काम बिघडणें ही एक गोष्ट आणि नांव बुडणें ही दुसरी, असा भेद त्या शब्दांत नव्हता. बिघाड एका प्रसंगाचा असे. बट्टा मात्र माणसाला लागे.

इंग्रजी फेल या शब्दाचें घराणें निराळें. तो फ्रेंचांच्या द्वारें लॅटिनमधून आला. तेथील मूळ धातूचा अर्थ फसविणें, चकविणें. पुढें त्याला कमी पडणें, पुरा न पडणें असा अर्थ आला. पाऊस फेल होतो, पीक फेल होतें, दृष्टि फेल होते, असें इंग्रज सहज म्हणतो, व त्यांत कोणाचीच अब्रू जात नाहीं. हा शब्द आमच्याकडे मुख्यतः दोन वाटांनीं आलेला दिसतो. एक वाट पेढीची. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाच्या पैशानें मुंबई वेडावली, आणि १८६५ सालीं तें युद्ध संपतांच शेअरांचा डोलारा कोसळला. त्या धक्क्यांत सांपडलेली जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ सालीं गुंडाळावी लागली. पुढें १९१३ सालीं इंडियन स्पेसी बँकेचीही तीच गत झाली. बँक फेल झाली, हें वाक्य अशा प्रसंगांनीं मराठी घरांत रुळलें. आपल्याकडे त्याला दिवाळें निघणें हा शब्द होताच. दिवसाढवळ्या दुकानांत दिवा लावून व्यापारी आपली नादारी जाहीर करी, अशी त्याची परंपरागत उपपत्ति सांगतात. इंग्रजांचा बँकरप्ट हा शब्दही इटलींतील सराफांच्या मोडलेल्या बांकावरून आलेला आहे. दोन्ही देशांनीं पैशाचें अपयश दुकानाच्या सामानावरूनच ओळखलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरी वाट परीक्षेची, आणि तीच अधिक महत्त्वाची. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली व पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींत उत्तीर्ण झाले. १८६२ सालीं जे पहिले बी. ए. झाले त्या चौघांत या दोघांखेरीज वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे हे होते. प्रवेशपरीक्षेचें इंग्रजी नांव मॅट्रिक्युलेशन. त्याचें मूळ लॅटिनमधील नोंदवही या अर्थाच्या शब्दांत आहे. वहींत ज्याचें नांव चढलें तो पास, ज्याचें चढलें नाहीं तो फेल. मराठी माणसानें या दुसऱ्या स्थितीसाठीं एक अजब शब्द बनविला. नालायक, नापसंत, नाउमेद या शब्दांतील फारशी ना त्यानें इंग्रजी पासच्या मागें लावला, आणि नापास हा शब्द झाला. अर्धा मोंगलाईंतला व अर्धा कंपनीसरकारचा असा हा शब्द आज इतका मराठी वाटतो कीं, त्याची जात विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

येथें जी अदलाबदल झाली ती नीट पाहिली पाहिजे. परीक्षकाचा फेल हा शेरा एका दिवसाच्या एका कागदापुरता होता. गणितांत इतके गुण हवे होते, तितके पडले नाहींत, एवढाच त्याचा अर्थ. पण तो घरांत शिरला तेव्हां त्याच्यावर अपेश या जुन्या शब्दाची छाया पडली. मुलगा नापास झाला याचा अर्थ त्यानें घराण्याचें नांव घालविलें, असा होऊं लागला. शेरा परीक्षकाचा होता. शिक्षा समाजाची झाली.

या परीक्षेंत अडखळण्याचें मोठें कारण पुष्कळदां विषय नसून भाषा हेंच असे. वरच्या इयत्तांत इतिहास, भूगोल, गणित हे सर्व विषय इंग्रजींतून शिकावयाचे व इंग्रजींतून लिहावयाचे. विद्यार्थ्याच्या हातीं साधन काय होतें? मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दांची संख्या चाळीस हजारांवरून साठ हजारांवर गेली. इंग्रजी-मराठी कोशाचें काम चालू असतांना प्रकृति ढांसळल्यामुळें मोल्सवर्थ यांस १८३६ सालीं स्वदेशीं परतावें लागलें, आणि तें काम मेजर थॉमस कँडी यांनीं पुढें चालवून १८४७ सालीं कोश बाहेर काढला. अपयश आणि अडचण या शब्दांचे मराठी प्रतिशब्द ज्या ग्रंथांत पाहावयाचे, तो ग्रंथच असा अडचणींतून पार पडलेला होता. बाबा पदमनजींनीं १८६३ सालीं मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप काढून तो सामान्य विद्यार्थ्याच्या आटोक्यांत आणला. पुढें तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली, आणि कित्येक पिढ्यांनीं मराठी वाक्याचें इंग्रजी व इंग्रजी वाक्याचें मराठी करीत तिच्यावर आपल्या संध्याकाळी घालविल्या.

मोल्सवर्थ व कँडी यांचे कोश मूळांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या सोयीसाठीं होते, ही गोष्टही विसरूं नये. गोऱ्या अधिकाऱ्यासही देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे, व तींत तोही अडखळे. फरक एवढाच कीं, त्याची परीक्षा त्याच्या नोकरीच्या एका कोपऱ्यांत होती आणि आमच्या मुलाची परीक्षा त्याच्या आयुष्याच्या वेशींत उभी होती.

या वेशीपर्यंत पोंचणें खेड्यापाड्यांतील मुलास किती कठीण होतें, हें पेण आणि रोहा या दोन गांवांवरून कळतें. भोगावतीच्या कांठचें पेण व कुंडलिकेच्या कांठचें रोहें, दोन्ही त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतलीं; या जिल्ह्यास रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. मुंबई तशी फार दूर नव्हे, पण मध्यें खाडी. पेणकराला धरमतरचें बंदर गांठून आगबोटीनें जावें लागे. रोह्यास आगगाडी पोंचली ती १९८६ सालीं. या भागांतील खारेपाटाचा शेतकरी समुद्राशीं झगडूनच भात पिकवी. खाडीच्या कडेनें मातीचा बांध घालावयाचा, त्यांत उघाडी ठेवावयाची, म्हणजे ओहोटीच्या वेळीं शेतांतलें पाणी बाहेर जाईल व भरतीचें आंत येणार नाहीं. मोठ्या उधाणाला बांध फुटला तर त्यास खांड गेली म्हणतात. खारें पाणी एकदां शेतांत शिरलें कीं जमीन पुन्हां गोडी होईपर्यंत पिकाची आशा नाहीं. पण खांड गेली म्हणून कोणी बांधाला अपेशी म्हणत नाहीं. गांव जमतो, चिखल उचलतो, आणि पुढच्या उधाणाच्या आंत खांड बांधून काढतो.

उच्च इंग्रजींतील अडचणीचे शब्द शिकतांना हा खारेपाटाचा अनुभव कोशापेक्षां अधिक उपयोगीं पडेल. डेबाकल हा शब्द घ्या. त्याचा अर्थ सर्वनाश असा पाठ केला तर तो उद्यां विसरेल. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ अडसर काढणें. त्यावरून गोठलेल्या नदीचा बर्फ एकाएकीं फुटून पाण्याचा लोंढा सुटणें, आणि त्यावरून सैन्याची किंवा संस्थेची एकदम झालेली दाणादाण. पेणच्या मुलानें बर्फाची नदी पाहिली नसेल, पण खांड गेलेली पाहिली असेल. त्याला हा शब्द एका वाक्यांत समजेल. ऑर्डील म्हणजे नुसता त्रास नव्हे. जुन्या इंग्लंडांत तापलेलें लोखंड हातीं धरून आरोपी आपली निरपराधता सिद्ध करी, त्या न्यायपद्धतीचें हें नांव. आमच्या जुन्या न्यायांत यासच दिव्य म्हणत, आणि आजही आपण कठीण प्रसंगास अग्निदिव्य म्हणतों. दोन्ही भाषांनीं एकाच न्यायसभेंतून तो शब्द घरीं आणला आहे. डिझास्टर म्हणजे वांकडा तारा. साडेसातीच्या देशांत हा शब्द समजावून सांगावा लागूं नये. डायलेमा म्हणजे दोन विधानांच्या कात्रींत सांपडणें, इकडे आड आणि तिकडे विहीर. प्रेडिकमेंट हा तर तर्कशास्त्रांतला पदार्थवाचक शब्द. शाळेंतून बाहेर पडून तो माणसाच्या वाईट स्थितीचें नांव झाला. इम्पास म्हणजे पुढें वाट नसलेली गल्ली. तींत माणूस हरलेला नसतो, त्यानें फक्त मागें फिरावयाचें असतें. फियास्को हा शब्द इटलींतील नाटकगृहांतून आला. त्याचा अक्षरार्थ बाटली, पण नाटक पडणें या अर्थानें नटांनीं तो रूढ केला. सेटबॅक म्हणजे पीछेहाट, व पीछेहाटींत सैन्य शिल्लक असतें, हें त्या शब्दांतच सांगितलेलें आहे.

अशा रीतीनें हे शब्द एका रांगेंत मांडले म्हणजे त्यांचा खरा उपयोग कळतो. निबंधांत पांडित्य दाखविण्यासाठीं ते नाहींत; आपल्यावर आलेला प्रसंग कोणत्या जातीचा आहे हें ओळखण्यासाठीं आहेत. वाट बंद आहे, कीं दोन वाटांपैकीं एक निवडावयाची आहे? बांध फुटला आहे, कीं फक्त मागें सरावें लागलें आहे? ज्याच्याजवळ नापास हा एकच शब्द आहे, त्याला या सर्व प्रसंगांत एकच गोष्ट दिसते, आणि ती म्हणजे आपलें काळें झालेलें तोंड.

याच दोन गांवांच्या परिसरांत चार महिन्यांच्या अंतरानें जन्मलेल्या दोन पुरुषांचीं चरित्रें या दृष्टीनें शेजारीं ठेवून वाचावींत. विनायक नरहर भावे, म्हणजे पुढें विनोबा, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजीं पेण तालुक्यांतील गागोदें येथें झाला. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं रायगडाजवळील नातें येथें झाला व बाळपण रोह्यास गेलें. देशमुख मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकले आणि १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत सर्व विद्यापीठांत पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनींच मिळविली. पुढें ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत गेले, आणि १९१८ सालीं लंडनमध्यें झालेल्या आय. सी. एस. परीक्षेंत पहिले आले. ही परीक्षा हिंदुस्थानांत घेण्यास त्यानंतर चार वर्षांनीं, १९२२ सालीं, आरंभ झाला. तोंपर्यंत पास किंवा नापास होण्यासाठींही समुद्र ओलांडावा लागे. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. परीक्षेच्या भाषेंत याहून पूर्ण यश संभवत नाहीं.

विनोबांनीं उलट केलें. मार्च १९१६ मध्यें इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठीं ते बडोद्याहून मुंबईच्या गाडींत बसले आणि सुरतेस उतरून काशीस निघून गेले. शाळा-कॉलेजचीं प्रमाणपत्रें त्यांनीं जाळून टाकलीं. हा मनुष्य पास नव्हे, आणि नापासही नव्हे. विद्यापीठाच्या वहींत असा माणूस फार तर गैरहजर म्हणून लिहिला जातो. ज्या वहींत इतका मोठा निश्चय गैरहजेरीच्या रकान्यांत जातो, तिच्या रकान्यांवर माणसाची किंमत करूं नये, एवढें यावरून सिद्ध होतें.

पण येथें थांबलों तर परीक्षेची निंदा करण्याचें सोपें समाधान मिळेल. चरित्रांचा पुढचा भाग अधिक शिकविणारा आहे. देशमुख १९५० सालीं भारताचे अर्थमंत्री झाले, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर १९५६ सालीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें. त्या दिवशीं त्यांच्या बाजूची पीछेहाटच झाली होती. १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला. जो माणूस कोणत्याही परीक्षेंत हरला नव्हता, त्यानें जाणूनबुजून पत्करलेली हीच एक हार लोकांनीं सर्वांत अधिक आठवणींत ठेविली. विनोबांनीं १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथें भूदानास आरंभ केला व पुढें पांच कोटी एकरांचें ध्येय बोलून दाखविलें. प्रत्यक्षांत चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. तिच्यांतलीही बरीचशी नापीक किंवा वादग्रस्त निघाली, व सर्व वांटली गेली नाहीं.

मग भूदान नापास झालें काय? टक्केवारी काढणारा परीक्षक होय म्हणेल. फियास्को म्हणणारेही झाले. परंतु ज्या कार्यांत लाखो एकर जमीन कायद्याचा बडगा न दाखवितां मालकांनीं लिहून दिली, त्याला पडलेल्या नाटकाचें नांव देणें न्यायाचें नव्हे. सफल म्हणावें तर ध्येयाचा दहावा हिस्साही हातीं आला नाहीं. इंग्रजींत यासाठीं शॉर्टफॉल असा एक साधा शब्द आहे, मराठींत तूट. मापलेलें, पण पुरें न पडलेलें. हा शब्द निंदाही करीत नाहीं आणि गौरवही करीत नाहीं. किती राहिलें तें सांगतो व तें कोणीं पुरें करावें हा प्रश्न उघडा ठेवतो. एका मोठ्या उद्योगाविषयीं न्यायानें बोलण्यास असा शब्द हातीं असणें, हाच शब्दसंपत्तीचा खरा लाभ होय.

हीच दृष्टि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाकडे लावून पाहावी. केशवसुत १८८९ सालीं मॅट्रिक झाले, तेव्हां ते विशीच्या पुढें गेलेले होते. हरि नारायण आपटे व राम गणेश गडकरी या दोघांनींही पदवीवांचून कॉलेज सोडलें. आधुनिक मराठी कविता, कादंबरी आणि नाटक यांच्या या तिघा धुरीणांस त्या वेळच्या कित्येक घरांनीं वाया गेलेलीं मुलें म्हणून बाजूस बसविलें असतें. परीक्षा खोटी होती असें म्हणण्याचें कारण नाहीं. ज्या परीक्षेनें रानडे व भांडारकर दिले, तिला खोटी कोण म्हणेल? पण तिनें जें मोजलें नाहीं तें नाहींच, असें आम्हीं समजलों, आणि ही समजूत तिच्याहून कठोर होती.

महाराष्ट्राच्या परीक्षामंडळानें २०१६ च्या सुमारास दहावीच्या गुणपत्रिकेवरील नापास हा शेरा काढून त्याऐवजीं कौशल्य विकासास पात्र असे शब्द घातले. हेतु चांगला आहे. परंतु शब्द बदलल्यानें अर्थ बदलेलच असें नाहीं. घरांतील माणसांच्या मनांत अपेश तसेंच राहिलें, तर नवा शब्दही थोड्या वर्षांत तोच डाग धारण करील. नापास हा शब्द मूळचा कडू नव्हता. आम्हीं तो कडू केला. त्याच्यावरची छाया काढावयाची तर तुटीला तूट, पीछेहाटीला पीछेहाट आणि खांडीला खांड म्हणण्याची संवय घरांत लागली पाहिजे.

म्हणून जे पालक आपल्या मुलांस उच्च इंग्रजी शिकवूं इच्छितात, त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, या वर्गाचे शब्द नुसते याद्या करून पाठ करवूं नका. प्रत्येक शब्दाचें मूळ सांगा, त्याच्या शेजारीं आपल्या गांवचा शब्द ठेवा, आणि एक खरा प्रसंग त्याच्यापुढें मांडून, येथें यांपैकीं कोणता शब्द बसतो, असें विचारा. असा मुलगा परीक्षेंत चार गुण अधिक मिळवील हें खरें. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, एखादे वर्षीं ते गुण त्याला मिळाले नाहींत, तर आपल्यावर नक्की काय आलें आहे हें त्याला नीट सांगतां येईल. खारेपाटांतला शेतकरी उधाणानंतर प्रथम बांधावरून चालत जाऊन खांड कोठें गेली व किती रुंद आहे तें पाहतो, आणि मगच चिखलाला हात घालतो.